जाहीर इशारा : ‘स्वखुशीने’ या शब्दाखाली यापुढे सही नाही

भातकुली तालुक्यातल्या शेतकरी भावांनो, पोलीस पाटलांनो, सरपंचांनो आणि खाकी वर्दीतल्या साहेबांनो,

हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या. येत्या 31 ऑगस्टपर्यंत मुदत देतो. त्यानंतर काय करणार ते पुढे लिहिलं आहे, पण आधी मी काय केलं ते ऐका. या कागदावरचा पहिला आरोपी मीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका शेततळ्यावरची मोटर चोरीला गेली. आपला पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी पिकाच्या जिवावर उठतं, म्हणून शेततळ्यावर हरभरा काढायचा. मोटर गेली म्हणजे ओलित गेलं, हंगाम गेला. शेतमालकाचा राग खराच होता. ‘कोणावर संशय?’ असं विचारताच त्यानं शिवेवरच्या पालांकडे हात केला. त्या रात्रीच फासेपारध्यांची दोन पोरं उचलली गेली. तिसऱ्या दिवशी पंच म्हणून मला बोलावणं आलं.

कागद आधीच तयार होता. ‘आरोपीने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की, मोटर लपवून ठेवलेली जागा दाखवतो.’ माझ्यासमक्ष त्या पोरानं तोंडही उघडलं नव्हतं. भिंतीला टेकून बसला होता आणि तळपाय जमिनीला लागू देत नव्हता. ‘करा सही गुरुजी, चहा येऊनच रायला,’ असं म्हणाले. मी सही केली. चहाही प्यालो. गेलेली मोटर तीन हॉर्सपॉवरची होती आणि ‘सापडलेली’ पाचची, हे मला दिसत होतं. पुढे कोर्टातून समन्स आलं तेव्हा ‘सही माझीच’ एवढंच सांगून परतलो. तोवर त्या पोराचं दीड वर्ष आत गेलं होतं.

पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात नव्हता, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. एकच फट आहे. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढी माहिती कोर्टात चालते. त्या फटीतून मार खाल्लेला माणूस आत ढकलायला पंचाची सही लागते. दांडा त्यांचा असेल, सही आपली असते.

आता अमेरिकेचं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर डेरेक शोव्हिन नावाचा पोलीस साडेनऊ मिनिटांच्या आसपास गुडघा देऊन बसला. ते चित्र पाहून बहीण रोज फोन करायची. पोलिसानं गाडी थांबवली तर हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, खिशात घालायचे नाहीत, हे पोरानं आईला समजावून सांगितलं होतं आणि ते ऐकून तिची झोप उडाली होती. ‘रंग पाहून मारतेत का बाप्पा माणसाले?’ ती रडत विचारायची. त्याच आठवड्यात मी तिला पालावरच्या त्या पोराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘थे पारधी हायेत. त्याईले तसंच लागते.’ मी तिला काही बोललो नाही. मला तोंड होतं कुठे?

त्या मिनियापोलिसच्या पोलिसांनी पहिलं निवेदन काढलं, त्यात मानेवरच्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. पोलीस कारवाईदरम्यान प्रकृती बिघडून एकाचा मृत्यू, असं त्याचं स्वरूप होतं. ते खोटं उघडं पाडलं रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनं. ती मोबाइल धरून शेवटपर्यंत हलली नाही. शोव्हिनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, त्यात तिच्या चित्रणाचा वाटा मोठा होता. पंच म्हणतात तो हा. मी तिच्या तिपटीपेक्षा मोठा होतो आणि खोलीत माझ्या हाती पेन होतं.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना अर्पण केली. त्यांनी तिकडे पाहिलं आणि लगेच आपल्या ओसरीकडे वळले. आपण तिकडे पाहिलं आणि स्टेटस ठेवून झोपलो.

परभणी लांब नाही. 10 डिसेंबर 2024 ला तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी शहर पेटलं, धरपकड झाली. त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. छातीत दुखलं म्हणून, असं आधी कानावर आलं. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमा निघाल्या. त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं, तेव्हा 4 जुलै 2025 ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही तो आदेश टिकला. सोमनाथ वडार समाजाचा. हा समाजही भटक्या-विमुक्तांतलाच. मिनियापोलिस आणि परभणी, दोन्हीकडे पहिलं निवेदन तब्येतीचंच, हे लक्षात ठेवा.

आणि शेजारचं अकोला? मे 2023 च्या दंगलीत जखमी झालेल्या सतरा वर्षांच्या पोराची फिर्यादच घेतली नाही, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना झापलं. वर्दी चढवली की जात-धर्म बाजूला ठेवायचा, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तिथे फिर्यादी दारात उभा असून कागद निघत नव्हता. पालावर जाताना कागदाची गरजच पडत नाही.

फासेपारधी जन्मतः चोर, असं इंग्रजांनी 1871 मध्ये सुरू केलेला गुन्हेगार जमाती कायदा सांगत होता. तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. म्हणून मुदत त्या तारखेची. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या त्याच समाजातल्या मास्तरानं पारध्यांच्या पोरांसाठी शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. नाव कोणाला उद्देशून आहे, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

आता ज्यानं त्यानं आपापलं वाचा.

संशय म्हणून पालाकडे हात करणाऱ्यांनो, फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना त्रास होईल अशी खोटी किंवा फालतू माहिती सरकारी नोकराला देणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1)(थ) खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. सोयाबीनची सुडी पेटली, केबल कापली, मोटर गेली, तर जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. नाहीतर ‘मले वाटलं’ हे उत्तर घेऊन विशेष न्यायालयात उभं राहण्याची तयारी ठेवा. मी तुमच्याविरुद्ध साक्ष देईन. भावकी आडवी येणार नाही.

खाकीतल्या साहेबांनो, 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रण बंधनकारक आहे, पंचांच्या सहीसकट. अटकेचं कारण सांगायचं आहे, नातेवाइकाला कळवायचं आहे, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं आहे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्येच दिला. कबुलीसाठी मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली सात वर्षांपर्यंत कैद, गंभीर दुखापत असेल तर दहापर्यंत. यापुढे पालावरून कोणालाही उचललं, तर तासाभरात आमचा माणूस ठाण्याच्या दारात बसलेला असेल. नोंद कुठे आहे, कॅमेरा चालू आहे का, एवढंच तो विचारेल. पंचविसाव्या तासाला नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज जाईल. दगड मारणार नाही, बस जाळणार नाही. त्या निमित्ताची वाट पाहणाऱ्यांची सोय आम्ही करणार नाही.

आणि पंचांनो, माझ्यासारख्यांनो. तयार कागदावर, न पाहिलेल्या गोष्टीवर ज्यांनी ज्यांनी सही केली, त्यांनी 31 ऑगस्टपर्यंत स्वतःहून प्रतिज्ञापत्र करावं. खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा अंगावर येईल, याची मला कल्पना आहे. माझ्यावर तो येणारच आहे, कारण पहिलं प्रतिज्ञापत्र माझं असेल. त्यात त्या दिवशी माझ्या शेजारी बसून सही करणाऱ्या दुसऱ्या पंचाचं नाव असेल. त्यानं आपणहून आधी लिहून दिलं, तर ते मी लिहिणार नाही. तो हे वाचेल, कारण तो रोज सकाळी माझ्याकडूनच पेपर नेतो.

नोटरीकडे मसुदा टाइप होऊन पडला आहे. गेलेली मोटर तीन हॉर्सपॉवरची, दाखवलेली पाचची, हे त्यात दुसऱ्याच ओळीत आहे. तारखेची जागा रिकामी ठेवली आहे.