सहा महिन्यांत पायलट होता येते का?

बारावीचे निकाल लागले की घराघरांतल्या मोबाइलवर दोन जाहिराती हमखास फिरू लागतात. एक परदेशातल्या एमबीबीएसची आणि दुसरी, जी अलीकडे फार जोरात आहे, 'सहा महिन्यांत कमर्शियल पायलट' अशी. आमच्याकडे विचारणा करणाऱ्यांत आखातात नोकरी करणारे वडील आहेत, रत्नागिरीकडे आंब्याची कलमे असलेले आहेत, मराठवाड्यातले शिक्षकही आहेत. ते विचारतात, "अमुक फ्लाइंग स्कूल चांगले आहे का?" मनात मात्र वेगळेच असते: घर किंवा बाग गहाण टाकायची की नाही?

आधी परवान्याचा हिशोब पाहू. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, 200 तासांचे उड्डाण मागते. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन केलेले हवेत. शिवाय रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांवर विसंबून केलेले उड्डाण आणि 300 सागरी मैलांचा लांबचा प्रवास. सोबत नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांचे लेखी पेपर, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि वैद्यकीय तपासण्या.

आता सहा महिन्यांत 200 तास म्हणजे आठवड्याला जवळपास 8 तास. कागदावर हे मुळीच अशक्य नाही. पण समजा एका स्कूलमध्ये 60 विद्यार्थी आहेत आणि विमाने 6. सर्वांना सहा महिन्यांत मोकळे करायचे तर 12,000 तास उडावे लागतील, म्हणजे प्रत्येक विमानाला रोज 11 तास, रविवार नाही की ईद नाही. दर 100 तासांनी मोठी तपासणी असते, तेव्हा विमान जमिनीवर बसते. जून ते सप्टेंबर आपल्याकडचे ढग आणि पाऊस कोणाच्या वेळापत्रकाला जुमानत नाहीत. मग सहा महिन्यांचे दीड वर्ष होते, कधी दोन वर्षे. हॉस्टेलचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

म्हणून कोणत्याही स्कूलमध्ये गेल्यावर इमारत पाहू नका. आज सकाळी किती विमाने प्रत्यक्ष उडाली, इन्स्ट्रक्टर किती आहेत, मागच्या वर्षी किती मुलांच्या हातात लायसन्स पडले, हे विचारा. सर्वांत चांगले म्हणजे आवाराबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या, दीड वर्ष जुन्या विद्यार्थ्याला विचारा. 2025 पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे. तीही पाहावी.

वेगाने शिकणे मुळात वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट सलग उडणाऱ्याचा हात लवकर बसतो. महिनाभर खंड पडला की जुनेच धडे पुन्हा गिरवावे लागतात आणि प्रत्येक तासाचे पैसे पडतात. अमेरिकेत फ्लोरिडा आणि ॲरिझोनामध्ये हवामान साथ देते, विमाने भरपूर असतात, म्हणून तिथे अशा झटपट शाळा खरोखर चालतात. पण त्यांची रचना तिकडच्या मुलांसाठी आहे, ही गोष्ट एजंट सांगत नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान पडून 50 माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेने 2013 पासून प्रवासी कंपन्यांतल्या सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांची अट घातली. तिथला मुलगा झटपट परवाना काढतो आणि मग इन्स्ट्रक्टर म्हणून पगार घेत उरलेले तास भरतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाला ती वाट सहसा मोकळी नसते. तो 200-250 तास घेऊन परत येतो आणि इथे डीजीसीएचे पेपर व चाचणी उड्डाणे देऊन परवाना बदलून घेतो. पेपर आधी सुटले नसतील तर इथेच वर्ष जाते.

घाई कुठे नेते हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीला चार दिवसांच्या आत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने पडली आणि डीजीसीएला तिचे प्रशिक्षण थांबवावे लागले. त्याआधी 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते. "तासांचे आपण बघून घेऊ" असे कोणी सांगत असेल तर तिथून सरळ बाहेर पडावे. कोकणातल्या ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या माणसे बोटीवर गेली, त्यांना सीडीसीच्या नावाने पैसे उकळणारे दलाल माहीत आहेत. हा माणूस त्याच जातकुळीचा.

पैशांचे बोलू. इथे लायसन्सपर्यंत साधारण 40 ते 60 लाख लागतात. त्यानंतर एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी टाइप रेटिंग, त्याचे आणखी 15-20 लाख. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना कोटीच्या आसपास किंवा पुढे जातात. 50 लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याला 69 हजारांच्या आसपास हप्ता आणि एकूण परतफेड 82 लाखांच्या वर. यातला व्याजाचा भाग आपल्यापैकी अनेकांच्या गळ्याखाली उतरणार नाही, आणि उतरू नये असेच आम्हाला वाटते. अल्पसंख्याक महामंडळाचे शैक्षणिक कर्ज या रकमेपुढे तोकडे पडते. राहता राहिले कर्ज-ए-हसना. चार मामा-चाचांनी मिळून दिले तर ते लेखी असावे, परतफेडीची मुदत ठरलेली असावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे आणि नात्यातल्या कर्जाला ती लागू नाही असे कुठेही म्हटलेले नाही. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे या खात्यात वळवायचे असतील तर आधी त्या बहिणीला विचारावे. कदाचित तिलाच पायलट व्हायचे असेल! महिला वैमानिकांचे प्रमाण भारतात जगाच्या मानाने बरेच जास्त आहे. हैदराबादच्या बेकरी कामगाराची मुलगी सय्यदा सलवा फातिमा सरकारी मदतीवर वैमानिक झाली, आणि तिला सहा महिने नव्हे, कैक वर्षे लागली.

लायसन्स हातात आले म्हणजे नोकरी लागली असेही नाही. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली, हे एजंट ठसवून सांगतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली, 2019 मध्ये जेट बंद पडली होती, हे तो सांगत नाही. तिथले अनुभवी वैमानिक त्याच रांगेत उभे राहतात. वाट पाहताना वैद्यकीय तपासणी आणि रेटिंग चालू ठेवण्याचा खर्च होतच असतो. म्हणून फी भरताना त्यापुढच्या निदान दोन वर्षांचा खर्च बाजूला काढावा. संपूर्ण फी एकरकमी तर कधीच भरू नये. जितके तास उडले तितके पैसे, असा करार मागावा.

एक मुद्दा रमजानचा. मे महिन्याच्या उन्हात छोट्या सेसनाच्या काचेखाली अंग भाजते आणि शरीरातले पाणी कमी झाले की निर्णय चुकतात. रमजान थंडीकडे सरकला असला तरी प्रश्न उरतोच. मुलाने रोजा असल्याचे इन्स्ट्रक्टरपासून लपवू नये. प्रवासातल्या सवलतीबद्दल आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे.

ज्यांचे ठरत आले आहे त्यांनी क्रम उलटा करावा. आधी क्लास 2 आणि मग क्लास 1 वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणासारखी गोष्ट काही हजारांत कळते, ती काही लाख भरल्यावर कळू नये. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात. त्यानंतर घरी राहूनच नेव्हिगेशन आणि हवामानाचे पेपर सोडवायला बसवावे. सहा महिन्यांत पायलट होणाऱ्याला हे दोन पेपर तेवढ्याच मुदतीत सोडवता आले, तर फ्लाइंग स्कूलच्या फॉर्मची चौकशी करायला हरकत नाही.