कावीळ की नुसताच पिवळा रंग?

आमच्या देशपांडे नगरातील ओळखीच्या एका घरची ही गोष्ट. नोकरीच्या तपासणीत थोरल्या मुलाचे बिलिरुबिन 2.6 आले. सर्वसाधारण प्रमाण 1.2 पर्यंत असते. अज्जी म्हणाल्या, ‘‘कामणी आगेद!’’ आईने कावीळ म्हणून तेल-तूप बंद केले. गळ्यात माळ आली, चुन्याच्या निवळीत हात धुऊन झाले. उकडलेल्या भाज्यांवर पोरगे वाळले. तरी दर महिन्याचा रिपोर्ट तसाच! ठरत आलेली सोयरीकही अडली.

शेवटी एका जाणत्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट वाचला. डायरेक्ट बिलिरुबिन अवघे 0.4, बाकी सारे इनडायरेक्ट. एसजीपीटी, हिमोग्लोबिन ठीक, लघवीत बिलिरुबिन नाही. निदान झाले गिल्बर्ट सिंड्रोम.

आपल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की पिवळे बिलिरुबिन तयार होते. यकृतातील एक एन्झाइम त्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे बाहेर टाकण्याजोगे करते. काहींमध्ये जन्मतःच या एन्झाइमचे काम कमी, साधारण तीस टक्के चालते. 1901 साली फ्रान्समधील गिल्बर्ट यांनी याचे वर्णन केले. हा आजार नव्हे, संसर्ग तर नव्हेच. यकृत बिघडत नाही, औषधही लागत नाही.

मग आकडा कशाने वाढतो? उपासाने, तापाने, अतिश्रमाने, जागरणाने, कमी पाणी प्याल्याने. म्हणजे त्या मुलाचे पथ्यच पिवळेपणा वाढवीत होते! माळेचे नाव होते ते वेगळ्या कारणाने. दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते.

अशा व्यक्तीने वेळेवर जेवावे, कडक एकादशी टाळावी, पाणी भरपूर प्यावे. शस्त्रक्रिया किंवा नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगावे. कर्करोगावरील इरिनोटेकानसारख्या औषधांत त्याला महत्त्व आहे.

मात्र प्रत्येक पिवळेपणा गिल्बर्ट समजू नका. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असेल, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, ताप, पोटदुखी, वजनात घट किंवा रक्त कमी असेल तर पित्तमार्गात अडथळा, यकृताची सूज किंवा पेशी लवकर मोडणे, यांचा शोध घ्यावाच लागतो. तान्ह्या बाळाची कावीळ तर कधीच घरी अंगावर काढू नये. डाग देणे हा तर निव्वळ छळ.

त्या घरी आता मुलाच्या ताटात पुन्हा तूप आले आहे. मुलीकडच्यांपुढे वडिलांनी सारे रिपोर्ट ठेवले, डॉक्टरांशी बोलणेही करून दिले. सोयरीक जुळली. अज्जी अजूनही रोज त्याचे डोळे बघतात. पण आता आधी विचारतात, ‘‘ऊट आय्तेनो?’’ जेवलास का रे?