काचेआडचे संधान आणि आपले आसवारिष्ट

बीड, केज, अंबाजोगाईकडील वैद्यांस काष्ठौषधींच्या खरेदीसाठी पुण्यास जावे लागते. अशा फेऱ्यांत मुंढवा व कोरेगाव पार्क भागातील तीन-चार मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर तयार करून विकणाऱ्या मद्यशाळा, आम्ही मुद्दाम पाहिल्या. वैद्याने तेथे काय पाहावे, असे एका स्नेह्यांनी विचारले. आमचे उत्तर एका शब्दाचे होते : संधान.

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली व महाराष्ट्रात या प्रकाराने मूळ धरले. (हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचेच. तेथील लष्करी तळावर बोटीची वाट पाहून वेडावलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे तो शब्द इंग्रजीत वेडसरपणाचा वाचक झाला.) या मद्यशाळांत पोलादी टाक्या काचेआड, गिऱ्हाइकासमोर असतात. मोड आणून वाळविलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवतात, पिष्टाची साखर होते, तो गोड द्रव हॉप्स नामक तिक्त फुलोऱ्यांसह उकळतात, निववून त्यात किण्व घालतात. क्वाथ करून मग संधान, हा तर अरिष्टाचा क्रम! अर्थात बिअर हे औषध नव्हे. धान्यापासून होणारी म्हणून ती सुरेच्याच कुळातील.

आपल्याकडे या शास्त्राची सूक्ष्मता कमी नव्हती. चरकाने सूत्रस्थानात ८४ आसव मोजले. त्यांत धान्याचे ६, फळांचे २६, आणि उसादी काण्डांचे ४. शार्ङ्गधराने सुरेच्या वरच्या निवळ थरास प्रसन्ना, त्याखालील घट्ट भागास कादंबरी, त्याहून खालच्यास जगल अशी वेगवेगळी नावे दिली. ज्यांच्या पूर्वजांनी भांड्यातील थरांनाही नावे ठेवली, त्यांच्या आजच्या बाटलीवर मात्र आतील संधानाविषयी फारसे काही लिहिलेले नसते.

पुण्यात फलकावर प्रत्येक बिअरचे धान्य, कडूपणा आणि मद्यांश लिहिलेला आढळला. विचारल्यास कारागीर टाकी कोणत्या दिवशी लावली तेही सांगतो. संधानापूर्वी व नंतर तो हायड्रोमीटरने द्रवाची घनता मोजतो. दोहोंतील फरकावरून मद्यांशाचा अंदाज मिळतो. आपण भांड्यास कान लावून सळसळ ऐकतो, तोंडाशी काडी पेटती राहते का ते पाहतो. या परीक्षा खऱ्या आहेत आणि आम्हांस प्रियही आहेत. परंतु संधान झाले की नाही एवढेच त्या सांगतात, किती झाले ते सांगत नाहीत.

हा ‘किती’ कोणास हवा? रुग्ण हल्ली विचारतात की ताजी बिअर नैसर्गिक असते, मग अरिष्टासारखीच समजावी का? येथे हिशेब उपयोगी पडतो. ८ टक्के मद्यांशाचे अरिष्ट २४ मिलिलिटर घेतल्यास सुमारे २ मिलिलिटर मद्य पोटात जाते. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमधून साडेसोळा. अंतर आठपटींहून अधिक आहे, आणि बिअर पिणारा एका ग्लासावर सहसा थांबत नाही.

तथापि याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्याला अडचणीची आहे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत दारूने पोखरलेली घरे आपण पाहतो. व्यसन सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणारा माणूस उद्या मंदाग्नीची तक्रार घेऊन आपल्याच दवाखान्यात येईल. त्यास सवयीने द्राक्षासव लिहून दिले, तर थोड्या मद्यानेही तोंड लाल होणे, धडधड, वांती, रक्तदाब उतरणे असे विकार उद्भवू शकतात. अशा रुग्णास व यकृताच्या रुग्णास चूर्ण, वटी वा ताजा काढा द्यावा, हे आपण जाणतो. पण औषध परस्पर फार्मसीतून नेणाऱ्यास ते कोण सांगणार? बाटलीवर बहुधा मद्यांशाची मर्यादा छापलेली असते, त्या बॅचचा मोजलेला आकडा नव्हे. आसवारिष्टांत हा अंश साधारणतः ५ ते १० टक्के असतो. म्हणजे एका बाटलीतील मात्रा दुसरीच्या दुप्पट असू शकते.

बिअरवाल्यांचे अनुकरण करा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांचा धंदा मद्य खपविण्याचा, आपला ते औषधाचे वाहन म्हणून वापरण्याचा. म्हणूनच मोजमापाची जबाबदारी त्यांच्याहून आपल्यावर अधिक आहे. प्रत्येक फार्मसीने बॅचनिहाय तीन गोष्टी छापाव्यात : संधान लावल्याची तारीख, ते उघडल्याची तारीख, आणि ऊर्ध्वपातनाने मोजलेला मद्यांश. गूळ व क्वाथातील घन द्रव्यांमुळे आपल्याकडे केवळ हायड्रोमीटरवर विसंबता येणार नाही. लहान फार्मसीस स्वतःची प्रयोगशाळा परवडत नसेल, तर तालुक्यातील चार जणांनी मिळून नमुने एकाच ठिकाणी तपासून घ्यावेत. लेबलावर जागा नाही, ही सबब आम्ही ऐकली आहे. दहा बाटल्यांच्या खोक्यात एक छापील चिठ्ठी सहज मावते, आणि विक्रेत्याने ती काउंटरवर डकवावी.