नियम करडीला पोहोचवा!

दोन रिंगांमध्ये एक वीत आणि वर चार बोटे! भंडारा जिल्ह्यातल्या करडीत, वैनगंगेच्या या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या एका घराच्या कॉलमपाशी बसून आम्ही हे अंतर स्वतः मोजले. सळाख बारा एमएमची, कॉलम नऊ इंचांचा. अशा कॉलमात दोन रिंगांमधले अंतर साडेसात इंचांच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय मानक 456 सांगते. इथे ते फूटभर होते. रिंगचे टोक आत वळवून काँक्रीटमध्ये घट्ट रुतवायचे असते, तेही नुसते काटकोनात दुमडून सोडलेले. बांधणारा मिस्त्री काही लबाड नव्हे. उमेदीची सारी वर्षे त्याने घरेच बांधली, त्याच्या प्लास्टरवर बोट फिरवले तर खडा लागत नाही. रिंगांविषयी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “साहेब, आजवर कोनी सांगतलंच नाही जी.”

त्याच्या या एका वाक्यापुढे सरकारने मान खाली घातली पाहिजे. नियम नव्हते असे नाही. राज्यासाठी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली. गावठाणातल्या बांधकामावर ग्रामपंचायतीचे नियंत्रण तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 पासूनच आहे. 2021 मध्ये ग्रामीण भागाला सवलत मिळाली. 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचे तर नगररचना खात्याचे उंबरठे झिजवायला नकोत. मालकीचे कागद, नकाशा आणि तो नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा. हेतू चांगला होता. पण करडीचा तालुका मोहाडी, आणि तो नदीच्या पलीकडे. परवानाधारक अभियंता शोधायला माणूस निघतो तो थेट भंडाऱ्याला. तिथे त्याला नकाशा मिळतो, सही मिळते, शिक्का मिळतो. सही करणारा मात्र त्या कॉलमपाशी एकदाही वाकून पाहत नाही. नियम आला, सवलत आली, म्हणजे करडीत नेमके काय झाले? कागद वाढला, खर्च वाढला. रिंग होती तिथेच राहिली.

म्हणून आमच्या भागातले छोटे ठेकेदार चिडले आहेत, आणि त्यांच्या चिडण्यात अर्धे सत्य आहे. पाच-सात मजूर, दोन रेजा, भाड्याचे मिक्सर आणि सेंट्रिंगच्या फळ्या, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो. घरमालक चौरस फुटाचा दर ठरवतो आणि त्या दरात सगळे बसवायला सांगतो. रेतीचे म्हणावे तर उशाशी वैनगंगा. भंडाऱ्याच्या रेतीवर नागपूरच्या इमारती चढतात, आणि करडीच्या घरकुलवाल्याला एका ब्राससाठी हात जोडावे लागतात! 2023 च्या धोरणाने डेपोवर 600 रुपये ब्रास रेतीचे वचन दिले. 2025 च्या धोरणाने घरकुलाला पाच ब्रास मोफत रेतीचे वचन दिले. पावसाळ्यात उपसा बंद असतो, तो असलाच पाहिजे, नदी जगली पाहिजे. पण मग उन्हाळ्यातच गावाच्या वाट्याची रेती गावात येऊन का पडत नाही? घरकुलाला केंद्राच्या योजनेतले अनुदान 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्याने. रेतीवाचून काम अडले की पुढचा हप्ता अडतो, हप्ता अडला की ठेकेदाराची मजुरी थकते, आणि शेवटी हात आखडता घेतला जातो तो सिमेंट आणि लोखंडावर. कोवळा कॉलम असा उपाशी ठेवला जातो.

इथवर आम्ही ठेकेदारांच्या बाजूने उभे आहोत. यापुढे नाही.

कारण त्यांच्यातले पुढारी आता म्हणू लागले आहेत की खेड्याला हे नियम हवेतच कशाला. भंडारा जिल्हा तर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो. हाच युक्तिवाद एकेकाळी किल्लारीलाही लागू होता! तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत सुरक्षित मानलेल्या पट्ट्यातच होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माती-दगडाच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे आठ हजार माणसे गेली. माणसे धरणीने मारली नाहीत, घरांनी मारली. आणि घर पडायला भूकंपच लागतो असेही नाही. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती. 24 ऑगस्ट 2020 ला ती आपल्याच भाराने बसली, 16 जीव गेले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत शिरले. पुराच्या निळ्या आणि लाल रेषा कशासाठी आखतात, हे ज्यांच्या भिंती त्या पाण्यात विरघळल्या त्यांना विचारा.

सवलतीच्या नावाखाली माफी मागणाऱ्यांनी तुर्कस्तानकडेही पाहावे. तिथल्या सरकारने 2018 मध्ये दंड भरून घेऊन बेकायदा बांधकामे सरसकट पदरात घेतली. 6 फेब्रुवारी 2023 ला भूकंप झाला आणि त्या देशात पन्नास हजारांवर माणसे ढिगाऱ्याखाली गेली. आपल्याकडेही गुंठेवारीतली बांधकामे नियमित करण्याची मुदतरेषा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली गेली. दंडाची पावती कॉलममध्ये सळाख घालत नाही!

तेव्हा आमचे म्हणणे उघड आहे. नियम एका इंचानेही सैल करू नका. पण तो नियम मिस्त्रीच्या हातापर्यंत नेण्याचे काम सरकारचे आहे आणि ते सरकारने आजवर टाळले आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने करडी परिसरासाठी आठवड्याचा एक दिवस अभियंता बसवावा. त्याने पायवा, कॉलम आणि स्लॅबचे लोखंड बांधून झाले की काँक्रीट पडण्याआधी स्वतः येऊन पाहावे. काँक्रीट पडल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. मिस्त्रींना शिकवायचे तर कामावरच शिकवा, आणि त्या दिवसाची मजुरी बांधकाम कामगार मंडळाच्या उपकरातून द्या. तो पैसा त्यांच्याच घामावर जमा झालेला आहे. रिंग कशी वळवायची, मिक्सरमध्ये पाणी किती घालायचे, आज मिळणाऱ्या सिमेंटच्या स्लॅबवर ओले गोणपाट दहा दिवस का ठेवायचे, हे दोन दिवसांत शिकता येते. चार इयत्ता शिकलेला माणूसही ते जन्मभर विसरणार नाही. आणि स्थळ न पाहता दाखला देणाऱ्या अभियंत्याचा परवाना रद्द करा. पहिल्याच गुन्ह्याला!

शिकलेला ठेकेदार या नियमांनी बुडणार नाही. आज तो बुडतो आहे तो शेजारच्या स्वस्त आणि कच्च्या कामाशी दरात टक्कर देताना. नियम सर्वांना सारखा लागला, तर चांगले काम करणाऱ्याला प्रथमच न्याय मिळेल.

करडीच्या नागरिकांनो, येत्या ग्रामसभेत उठून तीन गोष्टी विचारा. वर्षभरात किती बांधकामांचे दाखले आले, त्यांतल्या किती जागांवर अभियंता प्रत्यक्ष आला, आणि घरकुलांच्या वाट्याची रेती कोणत्या घाटावरून कोणाच्या दारात पडली. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहून मिळेपर्यंत सभा उठू देऊ नका.