पाऊस बदलला, पाण्याचा व्यवहारही बदलावयास हवा

एप्रिल १९१६ चे नव्हे, तर अवघ्या काही वर्षांपूर्वीचे, एप्रिल २०१६ चे वर्तमान आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या महिन्यात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत मिळून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते. त्याच मराठवाड्यात व शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने हाहाकार झाला. सीना नदीस महापूर आला, उभी पिके पाण्याखाली गेली व कित्येक ठिकाणी पिकांबरोबर जमिनीची मातीही खरडून गेली. एकाच मुलखात एका दशकाच्या आत हे दोन्ही प्रसंग यावेत, याचा विचार करणे आम्हां शेतकऱ्यांचे कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, यात नवीन ते काय? दुष्काळ व महापूर महाराष्ट्राने पूर्वीही पाहिले आहेत. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, छपन्न्याचा म्हणून ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि ज्याची आठवण अजून वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे तो १९७२ चा दुष्काळ, हे सर्व आमच्या इतिहासात आहेतच. पर्जन्य लहरी आहे ही गोष्ट आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु जुन्या लहरीपणात व हल्लीच्या फेरफारात भेद आहे, आणि तो भेद मोजमापाने सिद्ध झालेला आहे.

दगडी कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाने वातावरणातील कर्बवायूचे प्रमाण सतत वाढत गेले. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे २८० भाग असे. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. त्याच आढाव्यात असेही नमूद आहे की, १९५१ ते २०१५ या अवधीत देशातील मोसमी पाऊस एकंदरीत सुमारे सहा टक्क्यांनी घटला, व ही घट सह्याद्रीच्या पट्ट्यात विशेष दिसून आली. याच्या उलट मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग साधारण त्याच काळात सुमारे पाऊणपट वाढले. सारांश, पाऊस एकंदरीत उणा आणि पडला म्हणजे बेसुमार, असा हा प्रकार आहे.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. हवा जो जो तापते, तो तो तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती वाढते. दर अंशास ही वाढ सुमारे सात टक्के असते. अरबी समुद्रही पूर्वीपेक्षा उष्ण झाला आहे व तेथून येणारे बाष्प वाढले आहे. म्हणून ढग अधिक काळ कोरडे राहतात आणि मोकळे होतात तेव्हा एकदम होतात.

शेतीच्या दृष्टीने याचा अर्थ फार गंभीर आहे. वीस इंच पाऊस चाळीस दिवसांत पडला तर तो जमिनीत मुरतो. तोच आठ दिवसांत पडला तर ओढ्याने वाहून जातो, आणि जाताना बांध फोडून काळी माती घेऊन जातो. वार्षिक सरासरीच्या कोष्टकात दोन्ही वर्षे सारखीच दिसतात. शेतात मात्र एका वर्षी ज्वारी उभी असते व दुसऱ्या वर्षी ढेकळे.

आमच्या पेरणीचे वेळापत्रक नक्षत्रांवर बसविलेले आहे. मृगात पेरणी, आर्द्रात लावणी, उत्तरा-हस्तात रब्बीची ज्वारी, हा हिशेब अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आला व तो त्या काळी खरा होता. नक्षत्रे सूर्याच्या गतीवर चालतात. ती आपल्या जागी आहेत. त्यांच्याशी जोडलेला पाऊस मात्र सरकला आहे. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. त्यांत वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेण्यात आली, व मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर धरण्यात आली. सोयाबीन काढणीस आले असता शेतात पाणी उभे राहते, शेंगांतच मोड येतात, आणि वाफसा न मिळाल्याने रब्बीची पेरणी लांबते; हा अनुभव आता विरळा राहिलेला नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून पेरावे व मग तीन आठवड्यांची उघडीप पडून दुबार पेरणीचे बियाणे शोधावे लागावे, हाही तसाच परिचयाचा झाला आहे. त्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तशी गारपीट आली, की हाताशी आलेला गहू-हरभरा व द्राक्षबागाही जातात.

आता या संकटास आम्ही कोणते उत्तर दिले, ते पाहू. पाऊस बेभरवशाचा झाला म्हणून ज्याच्याजवळ पैसा अथवा पत होती, त्याने कूपनलिका घेतली. पहिली कोरडी गेली तर दुसरी, दुसरी आटली तर तिसरी, तीही अधिक खोल. हा उपाय करणारा शेतकरी मूर्ख नाही. फळबाग डोळ्यांदेखत वाळत असता कोण हात बांधून बसेल? परंतु आमच्या पायाखालचा खडक कोणता आहे, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या मुरुमाच्या थरात व फटींत. साध्या विहिरीचे पाणी याच थराचे असते व चांगल्या पावसाने ते पुन्हा भरते. खोल फटींतील साठा थोडा व भरण्यास फार काळ लागणारा. शिवाय खोल कूपनलिका कित्येक वेळा वरच्या थरातील पाणीही आपल्याकडे ओढते, आणि शेजाऱ्याची विहीर मार्गशीर्षातच तळ दाखवू लागते.

म्हणजे संकट आले ते सर्वांवर आणि उत्तर शोधले ते प्रत्येकाने आपल्यापुरते. याचा परिणाम गावाच्या एकोप्यावर झाल्यावाचून राहिला नाही. ज्याची पाच एकर बागायत त्याची मोटार चालू, व ज्याची दीड एकर जिराईत त्याची विहीर कोरडी. तो मग कर्ज काढून स्वतःची कूपनलिका घेतो. ती आटली की कर्ज तेवढे राहते. त्याच्या घरच्या स्त्रियांस पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात ऊसतोडीस जातात, मुलांची शाळा सुटते व म्हातारी माणसे मागे राहतात. यास केवळ हवामान कारण आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोरड्या रानावर पडलेला प्रत्येक नवा आघात ही वाट अधिक रुंद करतो, हे नाकारता येणार नाही.

आमचे काही मित्र विचारतील की, धूर सोडला तो मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारखान्यांनी, आणि उपदेश तेवढा शेतकऱ्यास काय म्हणून? ही तक्रार न्याय्य आहे. जिराईत शेतकऱ्याने हवा तापविली नाही आणि भुर्दंड मात्र त्यालाच पडतो आहे. ज्यांनी अपराध केला त्यांच्याकडून भरपाई व सरकारकडून साहाय्य मागण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे, व तो आपण सोडू नये. पण दिल्लीत वा परदेशात निकाल होईपर्यंत गावचे पाणी थांबून राहणार नाही. जमिनीखालचे पाणी कोणी परक्याने उपसलेले नाही. ते आपणच उपसतो आहोत.

दुसरा आक्षेप हक्काचा आहे. जमीन माझी, तेव्हा तिच्या खालचे पाणीही माझे, ही समजूत १८८२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यापासून दृढ झाली. पाण्यास मात्र सातबाऱ्याची हद्द कळत नाही. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला व तो २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. गावाची इच्छा नसेल तर असा कायदा कागदावरच राहावयाचा, कारण रात्री चालणाऱ्या बोअरच्या गाडीस अडविण्यास तलाठी येत नाही. इच्छा असेल तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आणि अशी इच्छा आपल्याच लोकांनी दाखविली आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर कित्येक शतके फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात एका जातीचे पीक, पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि पाणी थोडे असेल त्या वर्षी कोणता फड भिजवावयाचा हे सर्वांनी मिळून ठरविलेले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचे; दर माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनासही वाटा, आणि ऊस वर्ज्य. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखाली पाणलोटाची कामे झाली. तेथे शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी आहे, आणि पडलेला पाऊस मोजून, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविली जातात. ही सर्व गावे पर्जन्यछायेतील आहेत. त्यांच्यावर मेघांची विशेष कृपा नव्हती.

उसाविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे. ऊस लावणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु उसास ठरलेला भाव व ठरलेले गिऱ्हाईक आहे. ज्वारी, बाजरी व तुरीस तसा भरवसा नाही. मालदांडीसारखी ओलाव्यावर येणारी ज्वारी सोलापूरच्या काळ्या जमिनीत उत्तम पिकते व कडबाही देते, पण बाजारात तिचा भाव कोसळला तर शेतकरी उसाकडे वळणारच. म्हणून भरड धान्याची व डाळींची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी झाली पाहिजे, ही मागणी आपण एकमुखाने केली पाहिजे. त्याचबरोबर ज्या शिवारात माघात पिण्याचे पाणी संपते तेथे नवा ऊस लावू नये, व जो आहे तो ठिबकावर न्यावा, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो.

आमच्या मते प्रत्येक गावाने चार गोष्टी तूर्त हाती घ्याव्यात. पहिली, गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद फळ्यावर लिहावी. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लक्ष लिटर पाणी होय. लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीतील सर्व पाणी पाच एकरांवर पडलेल्या एका इंचाइतके होते. हा हिशेब समजला म्हणजे बांधाबाहेर जाणाऱ्या पाण्याची किंमत कळते. दुसरी, दिवाळीच्या सुमारास विहिरींची पातळी मोजून रब्बीची पिके ग्रामसभेत ठरवावीत, व माणसांचे आणि गुरांचे पाणी प्रथम बाजूस काढावे. तिसरी, बांधबंदिस्ती नव्या पावसास साजेशी करावी. जुने बांध जुन्या पावसाच्या मानाने घातलेले आहेत. त्यांस पक्के सांडवे ठेवून जास्तीचे पाणी माती न नेता बाहेर जाईल अशी सोय करावी. चौथी, एकाच पिकावर सर्व रान न टाकता तुरीसारखे आंतरपीक घ्यावे, आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याचा साठा सोसायटीत ठेवावा.

या सर्वांत कठीण आहे ती दुसरी गोष्ट, कारण तीत ज्याच्याजवळ अधिक पाणी आहे त्यासच अधिक सोडावे लागते. आमचे बहुतेक वाचक जमीनधारक आहेत व पुष्कळांच्या शेतात विहिरी आहेत. म्हणून हे आम्ही त्यांनाच सांगत आहो. गावचा लहान शेतकरी उद्ध्वस्त होऊन शहरास गेला व मजूर कायमचा निघून गेला, तर एकट्या बागायतदाराची मोटार किती दिवस चालेल? आज आपखुशीने घातलेली मर्यादा उद्या आटलेल्या विहिरीने घातलेल्या मर्यादेपेक्षा खचित सौम्य असेल. येत्या ग्रामसभेत हा विषय कोणी मांडावा, याची वाट न पाहता वाचकांनी तो स्वतःच मांडावा, एवढीच आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.