टीबीची गोळी आणि दळीची नाचणी

वाडीत टीबीने कुणी गेलं की दोनच कारणं सांगतात. गोळ्या सोडल्या, नाहीतर दारू प्यायचा. सरकारी माणूस हे बोलतो आणि आता आपली माणसंही तेच बोलायला लागलीत. दारू अंगाची वाट लावते, गोळ्या मधेच सोडल्या की रोग उलटतो, हे खरंच आहे. आम्ही ते नाकारत नाही. पण तिसरी गोष्ट कुणी विचारतच नाही. आजार लागला तेव्हा त्या माणसाचं वजन किती होतं?

हा प्रश्न आम्ही मनाने काढलेला नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचा दवाखाना आहे. तिथे येणारी बरीच माणसं आपल्यासारखीच, जंगलातल्या गावांची. २००४ ते २००९ या वर्षांत तिथे आलेल्या फुफ्फुसाच्या टीबीच्या १,६९५ रुग्णांची वजनं डॉक्टरांनी मांडली. पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो, बायांचं ३४ किलो. मधलं म्हणजे निम्म्या बाया त्याहूनही हलक्या. पाच फूट उंचीची बाई साधारण ४३ किलोच्या खाली गेली की डॉक्टर तिला कमी वजनाची म्हणतात, तिथे ३४! आणि जे सगळ्यात जास्त खंगलेले होते, त्यांच्यात मरणाचा धोका दुप्पट निघाला. गोळ्या सगळ्यांना त्याच होत्या.

असं का होतं? तापात अंग जास्त अन्न मागतं. पोटात नसेल तर ते स्वतःचंच मांस जाळतं. साठा असलेला माणूस महिनाभर तग धरतो, हाडाला कातडी लागलेल्याकडे जाळायला काय असणार? त्यात उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ, उलटी. मग गोळी सुटते आणि बोल लागतो रुग्णाला.

शहरातल्या मोठ्या इस्पितळांतही, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णांच्या बऱ्याच अभ्यासांत अंगाने भरलेली माणसं हडकुळ्या माणसांपेक्षा जास्त वाचलेली दिसली. त्यावर डॉक्टरांत वाद आहे, आणि कोरोनात फार लठ्ठ माणसांचे हाल झाले हेही खरं. पण लठ्ठपणावर भांडायची पाळी आपल्या वाडीवर अजून आलेली नाही.

आता झारखंडचं ऐका, कारण ते आपल्या कामाचं आहे. तिथे चार जिल्ह्यांत २,८०० टीबी रुग्णांना औषधाबरोबर दर महिन्याला कोरडा शिधा दिला. तांदूळ, सातू, दूधपावडर, तेल. काही रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. निकाल २०२३ साली बाहेर आला. ज्या घरांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे किती? दोन किलो. फक्त दोन किलो.

सरकार टीबी रुग्णाला पोषणासाठी आधी महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. चांगलं केलं. पण पैसे जातात बँकेच्या खात्यात, आणि आपला कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर. खातं इथे, माणूस तिथे. औषधाचं कार्डही बरेचदा इथेच राहतं.

आणि मुळात वजन उतरलं का? रायगडात दळीची जमीन आपण इंग्रजांच्या काळापासून कसतो. डोंगरउतारावर नाचणी, वरी, बांधाला तूर. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, नंतर करांदे. दळीवर नाचणी पिकली तर घरात काही महिन्यांचं अन्न असतं आणि उचल घ्यावी लागत नाही. आता दळी कसायला गेलं की कारवाईची भीती, फणसाडच्या बाजूला तर अभयारण्याचं नाव पुढे करतात. वन हक्क कायदा २००६ अभयारण्यातही लागू आहे, हे पाठ करून ठेवा. खाडीतली चिंबोरी आपण धरतो, पण ती जाते पर्यटकाच्या ताटात. आपल्या ताटात तांदूळ आणि मिरची.

म्हणून आम्हाला टीबीचा प्रश्न निव्वळ दवाखान्याचा वाटत नाही. दवाखान्याकडे आपलं मागणं आहेच. दर महिन्याला रुग्णाचं वजन करून कार्डावर लिहा, कारण गोळ्यांची मात्राही वजनावर ठरते. पैशाबरोबर डाळ-धान्य द्या आणि ते घरातल्या सगळ्यांना द्या. भट्टीवर गेलेल्याला तिथे द्या. पण सहा महिने शिधा देऊन माणूस बरा केला आणि पुन्हा त्याच भट्टीवर पाठवला, तर पुढच्या वर्षी त्याच घरातलं दुसरं कुणीतरी खोकत येणार. दळीचे अडकलेले दावे निकाली काढणं हासुद्धा टीबीचाच इलाज आहे, असं आम्ही तहसीलदारांपुढे मांडणार आहोत.

त्यासाठी कागद लागतील. ज्या घरात टीबीचं औषध चालू आहे किंवा मागच्या दोन वर्षांत झालंय, त्यांनी कार्ड आणि दळीच्या दाव्याची पावती दोन्ही घेऊन पुढच्या बैठकीला यावं. वाडीत वजनकाटा नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा, मोठ्या माणसांचा असेल तर त्या देतील. रुग्णाचं नाव आम्ही कुठेही छापणार नाही. फक्त वाडी, वय, वजन आणि दावा किती वर्षं अडकलाय, एवढंच.