कोयत्याच्या हंगामातील बालविवाह

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले म्हणजे अशा कारखान्यांच्या आसमंतात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात व बाजारपेठेस तेजी येते. ह्या तेजीचा हिशेब आमचे व्यापारी बंधू चोख ठेवतात. परंतु त्याच हंगामाच्या वहीत एक मोठी खोट अशी आहे की, ती कोणीच मांडीत नाही. ती म्हणजे ऊसतोड कुटुंबांतील अल्पवयी मुलींचे विवाह.

नुसता आईबापांस दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती ह्या जोडीवर. एकटा तरुण म्हणजे अर्धा कोयता; लग्न झाले की पुरा. अशा ठिकाणी विवाह हा संस्कार न राहता उचल मिळविण्याचे साधन होऊन बसतो. शिवाय आईबाप पहाटेच फडात गेले म्हणजे वयात आलेली मुलगी कोपीवर एकटी उरते. गावी ठेवावी तर सांभाळणारे कोणी नाही. तिच्या अब्रूच्या धास्तीने बाप तिचे हात पिवळे करतो. एका अत्याचाराच्या भयाने तिला दुसऱ्या अत्याचाराच्या स्वाधीन करणे, ह्यास रक्षण म्हणावे काय? तिची शाळा सुटते, अपक्व देहावर बाळंतपण येते, आणि मूल जन्मतःच दुबळे निपजण्याचे भय असते. सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते.

'समाज आपोआप सुधारेल, कायदा कशास?' असे म्हणणारे आजही भेटतात. सन १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करण्याच्या वेळी सरकारी हस्तक्षेप नको म्हणून टिळकांनी विरोध केला, तर आगरकरांनी 'सुधारका'तून कायद्याचा कैवार घेतला. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींचे विवाहवय चौदा ठरले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. समाज आपोआप सुधारण्याची वाट पाहिली असती तर ह्यांतले काय घडले असते?

सन २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारा, लावविणारा व त्यास साहाय्य करणारा ह्या सर्वांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सन २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकास लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिले. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अठरा वर्षांखालील पत्नीशी पतीने केलेला समागम हाही बलात्कारच होय. तेव्हा कायद्यात उणीव थोडी, ती आपल्या धैर्यात आहे.

म्हणून आमचे सांगणे व्यापारी व सुशिक्षित मंडळींस आहे. पत्रिका छापणारा, मंडप देणारा, भांडी पुरविणारा, मंगलाष्टके म्हणणारा ह्यांनी मुलीच्या जन्मतारखेचा दाखला पाहिल्यावाचून काम घेऊ नये. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. त्यास अथवा १०९८ ह्या क्रमांकावर वेळीच कळविल्यास न्यायालयाच्या मनाईहुकुमाने लग्न थांबविता येते. परंतु लग्न थांबवून मुलगी पुन्हा एकट्या कोपीवरच राहणार असेल, तर पुढल्या हंगामात तेच घडेल. सबब आईबाप फडावर असतील तितके महिने मुलींस गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे गाळपाआधी सुरू झाली पाहिजेत, आणि त्यांस गावच्या पेढ्यांनी हातभार लावला पाहिजे. ज्या उसाच्या पैशाने आमच्या पेढ्या चालतात, तो तोडणाऱ्यांच्या लेकींचे हे ऋण आहे. आणि ऋण बुडविणे व्यापाऱ्यास शोभत नाही.